पावसाळ्यात डिटॉक्सचा काढा घेऊ का? एका वैद्याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वय 36, घर डोंबिवलीला, ऑफिस लोअर परळला. दोन महिने पोट नीट साफ होत नाही, हनुवटीवर पुरळ येतंय, संध्याकाळी लोकलमधून उतरलं की पायात जीव राहत नाही. मैत्रिणीने 40 दिवसांचा पावसाळी डिटॉक्स सांगितलाय, सकाळी उपाशीपोटी गुळवेल, कडुनिंब, हळद, दालचिनी आणि अश्वगंधा सगळं एकत्र उकळून काढा, रात्री झोपताना त्रिफळा, आणि तो तुम्ही 1 ऑगस्टपासून सुरू करणार आहात. सासूबाईंनाही द्यायचा विचार आहे, त्यांना डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आणि शेवटी विचारलंय की गुळवेल अमृत आहे म्हणतात आणि गुळवेलीने लिव्हर खराब होतं असंही म्हणतात, मग खरं काय.

मी वैद्य आहे, 2001 पासून दादरला प्रॅक्टिस करते. आधी उत्तर सांगते मग कारणं. हा काढा 1 ऑगस्टला सुरू करू नका, सासूबाईंना तर अजिबात देऊ नका, आणि तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तरी पावसाळ्यात स्वयंपाकघरातूनच आटोक्यात येण्यासारख्या वाटतात. "वाटतात" म्हणते कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही, नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही, रिपोर्ट बघितले नाहीत. दोन महिने थकवा म्हणजे हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 आणि डी3 ही तपासणी आधी करून घ्या, बायकांमध्ये यातलं काही ना काही कमी निघणं माझ्याकडे रोजचं आहे आणि हिमोग्लोबिन 8 असताना कडुनिंब पिऊन काहीही होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. डिटॉक्स या शब्दाने घोळ होतो. लोकांना वाटतं शरीरात वर्षभर काहीतरी घाण साठते आणि एखादा कडू काढा ती धुऊन काढतो. धुण्याचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतातच. आयुर्वेदात शोधन, म्हणजे दोष बाहेर काढणं, आहे, पण तो वेगळा विषय आहे, त्यात आधी तूप पाजणं, शेक, मग वमन (उलटी करवणं) किंवा विरेचन (जुलाब देणं) किंवा बस्ती (औषधी एनिमा), मग पेजेपासून हळूहळू जेवणावर आणणं, हे सगळं माणूस बघून, वैद्याच्या देखरेखीखाली. पाकिटातली पावडर उकळून प्यायली म्हणजे शोधन झालं नाही. तुम्ही जे करणार आहात ते फार तर शमन आहे, म्हणजे दोष जागच्या जागी शांत करणं, आणि शमनासाठी ऋतू बरोबर लागतो.

इथेच त्या काढ्याची गडबड आहे. शास्त्रातला हिशोब असा की उन्हाळ्यात वात साठतो आणि पावसाळ्यात तो भडकतो, पावसाळ्यात पित्त साठतं आणि ते शरदात, म्हणजे आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये भडकतं, थंडीत कफ साठतो आणि वसंतात सुटतो. म्हणून पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन, वसंतात वमन. आणि पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असतो, भूक लागल्यासारखी वाटते पण पचत नाही, हे कुठल्याही घरात जुलैमध्ये बघायला मिळतं. आता कडू रस काय करतो, तर तो रुक्ष असतो, वात वाढवतो. वात आधीच वाढलेला, अग्नी आधीच मंद, त्यात सकाळी सहाला रिकाम्या पोटी कडुनिंबाचा कडक काढा. अशा काढ्यांवर पंधरा-वीस दिवस राहिलेली माणसं ऑगस्टअखेर माझ्याकडे येतात ती गॅस, सांधेदुखी, झोप न लागणं आणि आणखी घट्ट झालेलं पोट घेऊन. त्यांना वाटतं डिटॉक्स चालू आहे म्हणून त्रास होतोय, शरीर घाण बाहेर टाकतंय. तसं नसतं हो. औषध चुकलंय असा त्याचा अर्थ असतो.

आपल्याच कॅलेंडरकडे बघा ना. मराठी घरात कडू जिभेला कधी लावतात? गुढीपाडव्याला, कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, मिरी, मीठ, चिंच घालून. म्हणजे वसंतात. आणि दुसऱ्यांदा नरक चतुर्दशीला, पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी कारीट पायाने फोडतात आणि त्याचं कडू बोटाने जिभेला लावतात. म्हणजे शरदात. दोन्ही वेळा चिमूटभर. मधल्या पावसाळ्यात कडू पाजण्याचा एकही सण नाही. उलट श्रावणात उपवास, एकभुक्त, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी बंद, नागपंचमीला तळायचं नाही चिरायचं नाही म्हणून उकडलेली पुरणाची दिंडं, गणपतीत उकडीचे मोदक, ऋषिपंचमीची उकडून केलेली भाजी. कमी खा, वाफवलेलं खा, ताजं गरम खा, त्यावर तूप घ्या. आमच्या आजीला ऋतुचर्या हा शब्द माहीत नव्हता पण हे सगळं तिच्याकडून कधी चुकलं नाही.

आता तुमच्या काढ्यातली एकेक वस्तू बघू, कारण पाच चांगल्या वस्तू एकत्र केल्या की पाचपट चांगलं होतं असं नाही.

अश्वगंधा उष्ण. अशक्त, वाळलेल्या, झोप नसलेल्या माणसाला थंडीत दुधातून मी आनंदाने देते. पण मंद अग्नीत ऑगस्टमध्ये नाही. शिवाय अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, म्हणजे कुणाची थायरॉइडची गोळी चालू असेल तर डोसचा हिशोब बिघडतो, गरोदरपणात ती द्यायची नाही, आणि लिव्हरला त्रास झालेल्या केसेसही नोंदल्या गेल्यात. डेन्मार्कने तर 2023 मध्ये अश्वगंधेच्या सप्लिमेंटवर बंदीच घातली. मी त्या टोकाला जाणार नाही, पण "नुसती वनस्पती आहे, काय होणार" हे वाक्य मात्र सोडून द्यायला हवं.

दालचिनी म्हणून बाजारात जास्त करून जाड सालीची, कडक, एकाच थराची मिळते, ती खरं म्हणजे कॅसिया. तिच्यात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो आणि तो रोज जास्त प्रमाणात गेला तर लिव्हरला बाधू शकतो. मसालेभातात एक तुकडा टाकणं वेगळं, रोज चमचाभर पावडर 40 दिवस उकळून पिणं वेगळं. हळदीचंही तेच. भाजीतली हळद, दुधातली चिमूटभर हळद यात काही नाही. पण हळदीचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर कॅप्सूलमधून घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट जगात बऱ्याच ठिकाणी सापडलेत, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या माणसाने असले अर्क घ्यायचेच नाहीत. कडुनिंबाबद्दल वर लिहिलंच, एक भर घालते, मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर कडुनिंब पोटात नको. तुमचं वय 36 आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि गुळवेल. यावर जरा थांबते कारण खरा प्रश्न तोच आहे, आणि या वेलीची चांगली आणि वाईट अशी दोन्ही गोष्ट आपल्या मुंबईतच घडलीय.

परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये 1990 च्या आसपास गुळवेलीवर नीट काम झालं. पित्तनलिकेत अडथळा येऊन कावीळ झालेल्या पेशंटना ऑपरेशनआधी गुळवेलीचा अर्क देऊन त्यांची प्रतिकारशक्ती सुधारते का हे तिथे बघितलं गेलं आणि रिझल्ट चांगले आले. म्हणजे लिव्हरच्याच पेशंटना दिली होती आणि फायदा दिसला. आणि याच शहरात सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये लिव्हरच्या डॉक्टरांनी असे सहा पेशंट बघितले की जे गुळवेल घेत होते आणि ज्यांना लिव्हरची इजा झाली, ते 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. मग 2022 मध्ये देशभरातल्या 13 केंद्रांमधून 43 पेशंटची माहिती आली. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून प्रकारचं चित्र होतं, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लिव्हरवर उलटलेली. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली, की वनस्पती नक्की कुठली होती हे तपासलेलं नाही, गुळवेलीची एक बहीण आहे टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्याशी गल्लत झालेली असू शकते.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना खऱ्यातलं काही ना काही आहे आणि त्यावरून भांडण्यात पेशंटचं नुकसान होतं. केईएममध्ये ती कुणाला दिली, तर तपासलेल्या, ठराविक पेशंटना. कशी दिली, तर ओळखीचं औषध, ठराविक मात्रा, ठराविक दिवस, रोज डॉक्टर बघतोय. आणि 2020 मध्ये लोकांनी कशी घेतली? कुणीही, कुठलीही, कितीही, महिनोन्महिने. प्रतिकारशक्ती वाढवणारी वस्तू ज्याची प्रतिकारशक्ती आधीच उलटलेली आहे अशा माणसाला दिली तर काय होईल हे सांगायला मोठं संशोधन लागत नाही. म्हणून थायरॉइडचा हाशिमोटो प्रकार, आमवात, सोरायसिस, ल्यूपस, टाइप वन डायबेटिस यातलं स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात काही असेल तर मी गुळवेल देत नाही. फॅटी लिव्हर असेल, टीबीची औषधं चालू असतील, किडनी बदललेली असेल, तरी नाही.

एक पेशंट सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. पन्नाशीच्या बाई, त्या 2021 च्या सुरुवातीला काविळीचं औषध मागायला आल्या. यजमानांना बाल्कनीत उजेडात त्यांचे डोळे पिवळे दिसले म्हणून घेऊन आले होते. मी विचारलं औषध काही चालू आहे का, म्हणाल्या नाही. बाहेरचं काही खाल्लं का, नाही. मग मी विचारलं सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमाने सांगा. ब्रश, मग कोमट पाणी, मग "तो गुळवेलीचा ज्यूस, तो तर आम्ही सगळेच घेतो". पाच महिने, रोज, बाटलीच्या झाकणाने दोन झाकणं. त्यांच्या हिशोबात ते औषधच नव्हतं. लगेच लिव्हरची टेस्ट करायला लावली, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 900 च्या वर, त्याच संध्याकाळी हॉस्पिटलला पाठवलं. ज्यूस बंद, तिथले उपचार, आणि दोन-अडीच महिन्यांत त्या बऱ्या झाल्या. त्यांना थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होती. त्या वर्षी फोनवरून सल्ले देताना मीही कितीतरी जणांना गुळवेल घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि किती दिवस घ्यायची हे प्रत्येकाला सांगितलं होतं का, तर नाही. ती माझी चूक होती आणि त्यानंतर मी दिवस लिहून दिल्याशिवाय कुठलीच वनस्पती देत नाही, चिठ्ठीवर तारीख घालते, या तारखेला थांबवा म्हणून.

गुळवेल ओळखायची कशी हेही सांगते, कारण स्टेशनबाहेर टोपलीत जी कांडी मिळते ती काय आहे हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं कधीकधी. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. अंगठ्याएवढं जाड खोड घ्या, वरची साल कागदासारखी पातळ, नखाने सुटते, खाली हिरवं. आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. चव कडू, आणि बोटांना थोडा बुळबुळीतपणा लागतो. खोडावर खूप ठळक गाठी-गाठी असतील आणि कापल्यावर दुधासारखा चीक आला तर ती घेऊ नका. माझ्या टेबलावर लोकांनी आणलेल्या कांड्या मी अशाच कापून दाखवते, आणि दोनदा तरी असं झालंय की आणलेली कांडी गुळवेल नव्हतीच. कापल्यावरही खात्री वाटत नसेल तर ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून घ्या किंवा सोडून द्या. पावडरमध्ये तर काहीच ओळखता येत नाही.

राहिला त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा, खरंच चांगलं औषध आहे, पण तुम्ही जे घेणार आहात तो त्रिफळाच आहे ना ते बघा. पोट साफ करणारी म्हणून मिळणारी बरीच चूर्णं म्हणजे निम्मी सोनामुखी असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सोनामुखी, सनाय किंवा मीढी आवळ असं लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी झकास होतं, मग महिन्याभरात आतड्याला सवय लागते आणि चूर्णाशिवाय काही होत नाही. सोनामुखी दीर्घकाळ घेतली तर पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते त्यांच्याबरोबर तर हे धोक्याचंच. ज्येष्ठमधाचंही तसंच, खोकल्याला दोन दिवस चघळणं ठीक, रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

इथपर्यंतचं एकदा जोडून घेते: कडू काढ्याचा ऋतू हा नाही, पाच वस्तू एकत्र नकोत, 40 दिवस नकोत, आणि पोटात जाणारी प्रत्येक वस्तू औषध म्हणून मोजायची.

मग ऑगस्टमध्ये करायचं काय? माझ्या पेशंटना मी हे सांगते. पाणी उकळून, आणि उकळताना लिटरभर पाण्यात पाव चमचा सुंठ, पाच-सात मिनिटं खळखळून, गाळून थर्मासमध्ये. दिवसभर तेच कोमट. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो होतात, त्यामुळे यातला निम्मा फायदा नुसत्या उकळण्याचा आहे आणि तो काही कमी नाही. जेवणाआधी दहा मिनिटं आल्याचा नखाएवढा तुकडा, सैंधव आणि दोन थेंब लिंबू लावून. ॲसिडिटी असेल तर हे करू नका, त्याऐवजी जेवताना पहिला घास गरम भात, तूप आणि चिमूटभर हिंग-जिऱ्याचं. दुपारी पातळ ताजं ताक, भाजलेलं जिरं आणि सैंधव घालून, फ्रिजमधलं नाही. रात्री मुगाची आमटी किंवा मुगाची खिचडी, आठच्या आत. डोंबिवलीला परतता परतता नऊ वाजतात मला कल्पना आहे, तेव्हा ऑफिसमधूनच सातला काहीतरी गरम खाऊन निघा, घरी आल्यावर नुसता वाटीभर मुगाचा कढ घ्या. जमेल तेवढं करा, पण वडापाव आणि चहावर साडेनऊपर्यंत काढून मग पोटभर जेवण आणि लगेच झोप, हे चालू असेल तर हनुवटीवरच्या पुरळाचं कारण शोधायला लांब जायला नको.

पोट साफ होण्यासाठी पावसाळ्यात मी नुसता हिरडा देते. याला ऋतुहरीतकी म्हणतात, हिरडा तोच पण बरोबर काय घ्यायचं ते ऋतूप्रमाणे बदलतं, वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. मला हे फार आवडतं, कारण ऋतूचं औषध कसं असावं ते यात दिसतं: एक साधी वस्तू, आणि ऋतू बदलला की तिची जोडी बदलायची. तुम्हाला पाव चमचा हिरड्याचं चूर्ण, दोन चिमटी सैंधव, रात्री कोमट पाण्यातून, 10 ते 14 दिवस, मग थांबून बघा. बीपी असलेल्यांनी सैंधव गाळा, शेवटी ते मीठच आहे. गरोदर बाई, फार अशक्त किंवा वजन उतरलेला माणूस, कडक उपवास चालू असलेला माणूस, यांनी हिरडा घ्यायचा नाही. आणि शौचातून रक्त, वजन आपोआप कमी होणं, पोट आधी नीट होतं आणि आता अचानक बदललंय असं काही असेल तर चूर्ण बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा.

आणि रानभाज्या! पावसाळ्यातलं खरं टॉनिक मी याला म्हणेन. जून-जुलैत पालघर, वसई, कर्जतकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने दादर, बोरिवली, ठाण्याला टोपल्या घेऊन येतात, ओल्या फडक्याखाली टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळं, असे वाटे मांडलेले असतात. टाकळा कोवळाच घ्यायचा, पहिल्या पावसानंतरचा, जून झाला की उग्र लागतो. भारंगीचा पाला एक उकळी काढून पाणी टाकून द्यायचं आणि मग मूगडाळ घालून परतायचा, खोकला-दम्याच्या लोकांना छान. शेवळं घेतलीत तर त्याच बाईकडून काकडं पण घ्या, ती आंबट हिरवी फळं, ती किंवा चिंच नसेल तर शेवळाने घसा खाजून हैराण व्हाल. प्रत्येक भाजी विकणाऱ्या मावशींना विचारा कशी करायची, त्या न कंटाळता सांगतात आणि ते ज्ञान कुठल्याही पाकिटावर छापलेलं नाही. फक्त किडनी स्टोन असलेल्यांनी घोळ, अळू, माठ असल्या पाल्यांवर तुटून पडू नये, त्यात ऑक्झलेट असतं.

आता सासूबाई. गुळवेल, मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पावडर, हे सगळं साखर उतरवण्यासाठीच लोक घेतात ना, मग गोळी चालू असताना वरून हे घेतलं तर साखर जास्त उतरू शकते, हा साधा हिशोब आहे. आणि श्रावणात त्यात उपास मिळवा. श्रावणी सोमवारी गोळी घेतलेली, खाल्लेलं नाही, सकाळी कारल्याचा ज्यूस, आणि अकराला घाम फुटून चक्कर, अशा आज्या मी बघितल्यात. तुमच्या सासूबाईंना सुंठेचं पाणी, मुगाचं सार आणि रानभाज्या द्या, एवढं पुरे. आणि श्रावणाआधी त्यांच्या डॉक्टरना विचारा की उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं. ते विचारायचं राहून जातं बघा, देवाचं काम आहे म्हणून बायका डॉक्टरपुढे उपासाचा विषयच काढत नाहीत.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायची आहे. पावसाळ्यातला ताप म्हणजे काढ्याचा विषय नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (साठलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), तिन्ही आपल्या शहरात दरवर्षी असतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने माणसं गेली. माझी प्रॅक्टिस तेव्हा चार वर्षांची होती. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, ताप, असं घेऊन आलेल्यांना मी सरळ हॉस्पिटलला पाठवत होते. तुम्ही लोकलने प्रवास करता, कधी ना कधी साठलेल्या पाण्यातून चालावं लागणारच. पायाला जखम असेल आणि पाण्यातून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठा, प्रतिबंधाची गोळी घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू दे, महापालिकाही दरवर्षी हेच सांगते. घरी येऊन गुळवेलीचा काढा पिऊन झोपलात तर ते तीन दिवस वाया जातील.

मग गुळवेल कधी? तपासणी नीट आली, वर सांगितलेलं काही नसेल, तर ऑक्टोबरमध्ये, आणि तीही एकटी. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी ऋतुसंधी सांगितलीय, जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, या पंधरवड्यात जुनं हळूहळू सोडायचं आणि नवीन हळूहळू धरायचं. मुंबईत पाऊस कधी जातो याचा नेम नसतो, त्यामुळे मी तारीख बघत नाही. सकाळी उठल्यावर ऊन टोचायला लागलं, तोंड कडू पडलं, लघवीला जळजळ झाली की शरद आला. तेव्हा सुंठ-आलं बंद, धने-जिऱ्याचं पाणी सुरू, रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका सकाळी चावून, आणि गुळवेलीची 10 ग्रॅम भरड दोन कप पाण्यात अर्धा कप उरेपर्यंत आटवून, नाश्त्यानंतर, 15 दिवस, फार तर 21. मग बंद. पुरळ तोपर्यंत गेलं नसेल तर एखाद्या वैद्याला प्रत्यक्ष दाखवून विरेचनाचा विचार करा. खर्च परवडत नसेल तर वरळीच्या पोदारची किंवा सायनच्या आयुर्वेद कॉलेजची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो एवढंच.

विकत काही घेतलंत तर लेबल वाचा. उत्पादनाचा लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख, आणि प्रत्येक घटक किती ते. आतमध्ये भस्म किंवा रस (म्हणजे धातूचं किंवा पाऱ्याचं औषध) असा शब्द दिसला तर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, 2004 ची गोष्ट, आणि माल दक्षिण आशियात बनलेला होता. "100 टक्के नैसर्गिक" याने काहीच कळत नाही. सुट्टी पावडर, हाताने लिहिलेलं स्टिकर, कुणाच्या तरी गावाहून आलेलं, हे कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी नको.

आणि काहीही घेत असताना लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नाचा वास नकोसा झाला, उजव्या बरगडीखाली जड वाटलं, तर त्याच दिवशी सगळं थांबवून एलएफटी (लिव्हरची टेस्ट) करायची, उद्यावर टाकायची नाही.

तुमची हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी12, डी3 आणि एलएफटी आली की लिहा, काढ्याचं पाकीट आधीच आणलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय तेही सगळं उतरवून पाठवा. सासूबाईंच्या गोळ्यांची नावं इथे लिहिण्यापेक्षा ती यादी त्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, पहिल्या श्रावणी सोमवारच्या आधी.